पिवळ्या अबोलीचा चोर

“कुणीतरी बी चोरलंय.”

मिहिर अंगणाच्या मधोमध उभा होता. तो कुणा एकाकडे बघून बोलला नाही. भिंतींना, माडांना, समाधीच्या कट्ट्याला, सगळ्यांनाच त्यानं ते ऐकवलं.

बाय ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एक खडा वेचला आणि बाहेर टाकला.

“कशाचं बी?”

“कशाचं म्हणून काय विचारता, बाय? या मठात दुसरं कसलं बी आहे?”

“भोपळ्याचं आहे. भेंडीचं आहे. बाबलनं पडवळाचंही ठेवलंय, वाशाला बांधून.”

मिहिरच्या कानशिलावरची शीर उडत होती.

मठ तसा लहानच. जांभ्या दगडाची टेकडी, थोरल्या महाराजांची समाधी, चार खोल्या, एक विहीर. महाराज गेल्यावर त्यांच्या शिष्या म्हणून बाय इथं राहिल्या. त्या प्रवचन देत नाहीत. कुणी प्रश्न घेऊन आलं तर त्याला जेवायला वाढतात आणि काहीतरी काम सांगतात. पुष्कळजण जेवून जातात. मिहिर तेंडोलकर राहिला.

तो पुण्यातली नोकरी सोडून आला होता. शिक्षणानं इंजिनिअर, वय सव्वीस. आधी जग सरळ करायला निघाला होता. जगानं दाद दिली नाही, तेव्हा निदान मन तरी सरळ करावं असं त्यानं ठरवलं.

कार्तिकात आला त्याच दिवशी त्यानं बायंना विचारलं होतं, मन एका जागी कसं ठेवायचं. उत्तर म्हणून बाय त्याला मागच्या दारी घेऊन गेल्या. तिथं न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, फणसाच्या सावलीत, अबोलीचं एक झुडूप होतं. गुडघाभर उंचीचं. फुलं केशरी नव्हती. फिकट पिवळी होती, ताज्या लोण्यासारखी. बायंनी सांगितलं की हे थोरल्या महाराजांनी लावलेलं आहे, आणि हा रंग आसपासच्या गावांत आता कुठंच उरलेला नाही. पुण्यतिथीला समाधीवर पहिली वेणी हिची चढते. अबोलीला वास नसतो हे सगळ्यांना माहीत आहे, तरी वेणी चढेपर्यंत मठात हिचं फूल कुणी नाकाजवळ नेत नाही.

“हिच्याकडे बघ,” बाय म्हणाल्या होत्या. एवढंच.

बघणं हे काम असू शकतं, असं मिहिरला वाटलं नाही.

त्याला झाड पाहून संताप आला. इतकं दुर्मीळ झाड, आणि ते अंघोळीच्या साबणपाण्यात वाढतंय. त्यानं बागकामाची तीन पुस्तकं मागवली. शेंड्यांवरची वाळलेली कणसं कापून टाकली, कारण पुस्तकात तसं लिहिलं होतं. मग एका सकाळी झाड मुळासकट काढून पुढच्या अंगणात आणलं. विटांचं गोल आळं, शेणखत, निंबोळी पेंड. पाटीवर शास्त्रीय नाव. दिवसभर ऊन. आल्यागेल्याला लांबून दिसेल अशी जागा.

बायंनी ते पाहिलं. मग त्या आपल्या कामाला लागल्या.

झाड पंधरा दिवस तगलं. मग पानांच्या कडा करपल्या. मग फांद्या, एकेक करून. मिहिरनं घाईघाईनं बावीस फाटे कापून कुंड्यांत खोचले. बावीसही काळे पडले. पौष संपेपर्यंत मूळ झाडाची एक फांदी हिरवी उरली. तिच्या टोकाला एक कणीस, आणि कणसात बारा बोंडं.

एक बोंड त्यानं ब्लेडनं उघडून पाहिलं. आतल्या बिया चिरल्या. उरली अकरा.

अकरा बोंडं, बोंडात जास्तीत जास्त चार बिया. एवढ्यावर तो रंग अडकला होता. ते गेलं की संपलं. आणि संपवलं कुणी, हे मठात कुणी मिहिरला सांगायची गरज नव्हती. ते त्याला जेवताना आठवायचं, विहिरीवर आठवायचं, डोळे मिटून बसलं की हटकून आठवायचं. महिनाभर त्याचं मन एकाच जागी होतं, पण त्याला हवं होतं त्या तऱ्हेनं नाही.

तो दिवसभर झाडापाशी स्टूल टाकून बसायचा. दिवसा वर जुन्या धोतराची सावली बांधायची, संध्याकाळी सोडायची. बोंडांना पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, नाहीतर बुरशी येते. पाणी फक्त मुळाशी, तेही चमच्यानं. हातात चिमटा आणि कागदी पाकीट. बोंड उकललं की बी अलगद पाकिटात घ्यायचं, असा बेत. बोंडं सुकली, तपकिरी झाली. उकलली मात्र नाहीत.

आणि आज फाल्गुनातल्या या सकाळी पाहतो, तर पाच बोंडं उघडी. दोन्ही फाका बाहेर वळलेल्या. आत काही नाही.

“वारा असेल,” बाय म्हणाल्या.

“वाऱ्याला नखं नसतात, बाय. ही उकललेली आहेत. एकेक, व्यवस्थित. आणि बी नेलंय.”

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला द्वारकामावशी वेण्या करत होत्या. गावातून रोज सकाळी त्या मठात येत. केळीच्या सोपटातून दोरा सोलायला त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं होतं. तीस वर्षं ते तसंच होतं. दोरा सोलता सोलता तो अंगठा थांबला.

“मी कुणाचं नाव घेतलेलं नाही,” मिहिर म्हणाला.

“घेतलं असतंस तर बरं झालं असतं,” बाय म्हणाल्या. “आता सगळ्यांना वाटून घ्यावं लागेल.”

…

त्यांनी बाबलला हाक मारली.

बाबल मठाचा स्वयंपाकी. पन्नाशीचा, काटकुळा, तोंडाचा फटकळ. नारळाच्या खोवणीवरून उठून तो खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत बाहेर आला. काय झालं ते ऐकून घेतलं. मग त्यानं मिहिरकडे बराच वेळ पाहिलं.

“पोलीस बोलवूचे काय, इंजिनेर सायब?”

मिहिर म्हणाला, यात हसण्यासारखं काही नाही.

बाबल म्हणाला, तो हसत नाही. या टेकडीवर नारळ चोरीला गेलेले त्यानं पाहिलेत, एकदा कोंबडी गेली, एकदा तर विहिरीचा रहाट गेला. पण अबोलीचं बी नेणारा चोर तो आजच ऐकतोय. असा कुणी असेल तर त्याला जेवायला थांबवून घ्यावं, असंही तो म्हणाला, कारण त्याच्या डोक्यात काय आहे ते बघायला हवं.

“मग बी गेलं कुठं?” मिहिरचा आवाज चढला. “माझी चूक मला ठाऊक आहे. झाड मी हलवलं, मी मारलं. कबूल. पण हे एवढं तरी मला वाचवू द्या. कुणाला माझा राग असेल तर त्यानं तो माझ्यावर काढावा. झाडावर कशाला?”

द्वारकामावशी उठल्या. मांडीवरची फुलं टोपलीत ठेवली. अंगणात येऊन त्यांनी आपले दोन्ही हात, तळवे वर करून, त्याच्यापुढे धरले. मग उलटे केले. नख त्याच्या अगदी डोळ्यांसमोर आलं.

“बघून घे,” त्या म्हणाल्या. “माझ्या दारात केशरी अबोलीचे दोन वाफे आहेत. केशरीला बी धरत नाही, बाबा. फाटा खोचायचा, पाणी मारायचं. आईपासून आम्ही तेच करत आलो. अबोलीचं बी काळं असतं की पांढरं, गोल की लांबट, हे मी जन्मात पाहिलेलं नाही. जी वस्तू मला ओळखता येत नाही, ती मी नेऊन करू काय?”

मिहिरची मान खाली गेली. त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं. पण मनात पुन्हा तीच पाच रिकामी बोंडं आली, आणि जे तोंडातून निघालं ते भलतंच निघालं.

“मग कोण?”

मावशींनी हात मागे घेतले.

बायंनी सूप बाजूला ठेवलं.

“तू तर तिथंच बसलेला असतोस ना?”

“दिवसभर. सूर्य मावळेपर्यंत.”

“आणि सकाळी?”

“उन्हं अंगणात आली की येतो. त्याआधी गवत ओलं असतं. पाय भिजतात.”

“पाय भिजतात,” बाय म्हणाल्या. “बरोबर आहे.”

…

त्या ओसरीवरून उतरल्या. लुगड्यावरचा कोंडा झटकला. सावकाश चालत विटांच्या आळ्यापाशी गेल्या आणि त्या एकुलत्या एक फांदीपुढे वाकल्या.

मग त्यांनी उजव्या हाताचं बोट तोंडात घातलं, ओलं केलं, आणि एका बंद बोंडाला लावलं.

“बाय…” द्वारकामावशींच्या तोंडून निघालं. समाधीच्या झाडाला उष्टं बोट. ज्याचं फूल नाकाजवळही न्यायचं नाही, त्या झाडाला.

“बाय, ओलं नका करू,” मिहिर त्याच क्षणी म्हणाला. “बुरशी धरेल.”

“तुझं सोवळं द्वारकेपेक्षा कडक दिसतंय,” बाय म्हणाल्या. बोट त्यांनी काढलं नाही.

काही झालं नाही.

मिहिरनं खिशातून रुमाल काढला. बोंड पुसून कोरडं करावं म्हणून तो पुढं आला.

“थांब.”

तो थांबला. बायंनी बोट बाजूला घेतलं. बोंडावर थुंकीचा एक ठिपका चमकत होता. सगळे त्या ठिपक्याकडे बघत राहिले… बाबलसुद्धा.

टक्.

आवाज इतका लहान होता की एरवी कुणाला ऐकूही गेला नसता. मिहिरच्या चष्म्याच्या काचेवर काहीतरी आपटलं आणि उडून गेलं. त्यानं दचकून डोळे मिटले.

“काय लागलं?”

“चोर,” बाय म्हणाल्या.

त्यानं डोळे उघडले. बोंडाच्या दोन फाका बाहेर वळल्या होत्या. आत काही नव्हतं. सकाळच्या पाच रिकाम्या बोंडांसारखंच, हुबेहूब. त्याला सगळं एकदम कळलं. बोंड ओलं झालं की उकलतं, आणि महिनाभर आपण ते कोरडं ठेवलं. दव आपली वाट न बघता आलं. ते रोज यायचं, आपण नसताना. आज पाच बोंडं त्याला पिकलेली सापडली.

पण कळण्याचा आनंद व्हायला वेळ मिळाला नाही. बायंनी बोट पुन्हा ओलं करून दुसऱ्या बोंडाला लावलं होतं. मग तिसऱ्याला.

“बाय, थांबा. खाली कापड टाकू द्या. दोन मिनिटं. मी चादर आणतो.”

टक्. टक्.

“ही शेवटची आहेत, बाय.”

“हो,” बाय म्हणाल्या, आणि चौथ्याला बोट लावलं. पाचव्याला लावलं.

मिहिरनं त्यांचं मनगट धरलं.

मठात बायंचा हात आजवर कुणी असा धरला नव्हता. बाबलनं पंचा खांद्यावरून काढून हातात घेतला. द्वारकामावशींनी तोंडाला पदर लावला. मिहिरला स्वतःला आपण काय केलं ते उमगलं, पण बोटं सुटेनात. कणसावर आता एकच बोंड कोरडं होतं.

बायंनी हात सोडवून घेतला नाही. राग आल्याचंही दिसलं नाही.

“धरून ठेव हवं तर,” त्या म्हणाल्या. “पण बी तिकडे चाललंय.”

टक्. आणि पाठोपाठ, टक्.

मिहिरनं मनगट सोडलं आणि तो गुडघ्यांवर खाली आला.

…

अंगण शेणानं सारवलेलं. बी तपकिरी, चपटं, मसुरीच्या डाळीएवढं. तपकिरीवर तपकिरी. मिहिर जमिनीला नाक लावून एकेक वीत पुढं सरकत होता. चष्मा घसरत होता, तो पुन्हा पुन्हा वर ढकलत होता.

बाबलला आधी हसू आवरेना. चार महिने बघतोय, तो म्हणाला, सायबांनी समाधीपुढंसुद्धा कधी कंबर वाकवली नाही, नुसते हात जोडले. आणि आज बघा. मग त्याच्या लक्षात आलं की तो जिथं उभा आहे तिथंही एखादं पडलेलं असेल. तो हळूच खाली बसला.

“हलू नकात कोणी,” तो म्हणाला. “पायाखाली आसा.”

मग तोही रांगायला लागला.

द्वारकामावशी थोडा वेळ उभ्याच होत्या. मिहिरला एका भेगेत बी दिसलं, पण निघेना. चिमट्याची टोकं जाड पडत होती. घाई केली तर बी फुटलं असतं. तो तसाच त्या भेगेवर वाकून राहिला.

मावशी त्याच्या शेजारी येऊन बसल्या. अंगठ्याचं नख भेगेत घातलं, आणि बी अलगद वर आलं.

“असं असतं होय,” त्या म्हणाल्या. तळहातावर घेऊन त्यांनी ते उन्हात धरलं. “एवढंसं.”

“मावशी, मी मघाशी…”

“बी शोध आधी. ते सगळं बोलायला आयुष्य पडलंय.”

त्यानं कागदी पाकीट त्यांच्या हातात दिलं. चिमटा खिशात टाकला.

तासाभरात तेरा बिया सापडल्या. बाय पुन्हा ओसरीवर जाऊन तांदूळ निवडायला बसल्या होत्या. तेरा हा आकडा मिहिरला पुरेना. त्यातल्या किती रुजतील, रुजलेल्यांतली किती जगतील, आणि जगवणार कोण, तर बावीस फाटे मारणारा. एक बी चुलीकडच्या कोपऱ्याकडे उडालेलं बाबलनं पाहिलं होतं. मिहिर रांगत त्या कोपऱ्याकडे गेला. कोपऱ्यावर ते नव्हतं. तो तसाच रांगत वळला, स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला.

तिथं केळींच्या आडोशाला कचऱ्याचा ढीग होता. त्याचाच. अंगण झाडून, तण उपटून, तो रोज तिथं आणून टाकायचा, जरा लांबूनच, कारण तिथली जमीन कायम चिकचिकलेली असायची. आज पहिल्यांदाच त्याचे डोळे ढिगाच्या उंचीला आले होते.

ढिगाच्या खालच्या अंगाला तण माजलं होतं. वीतभर उंचीचं, दाट. हात सवयीनं पुढं गेला, बोटांनी एक रोप बुडाशी धरलं, उपटायला ताण दिला.

आणि थांबला.

पानं चकचकीत होती. गडद हिरवी. कडा लाटेसारख्या वरखाली झालेल्या.

“मावशी,” त्यानं हाक मारली. “मावशी, जरा इकडे येता?”

द्वारकामावशी आल्या. त्यांनी वाकून पाहिलं. एक पान दोन बोटांत धरलं.

“अबोली.”

“नक्की?”

“तीस वर्षं हीच पानं बघतेय.”

“पण केशरी असेल. तुमच्या टोपलीतून एखादा फाटा पडला असेल, तो…”

“फाटा पडला असता तर एक झाड आलं असतं. ही बघ किती आहेत. नऊ, दहा… तिकडे मागं अजून. ही बियांची आहेत, बाबा. आणि केशरीला बी नाही म्हणून मघाशी काय सांगितलं तुला?”

मिहिर तिथंच बसला. खाली चिखल होता, त्यातच बसला.

बियांची रोपं. पिवळीचीच. पण पिवळीचं बी इथं आणलं कुणी? त्यानं ढिगाकडे पाहिलं. वरच्या थराखाली, कुजत आलेल्या पानांत, काळपट काड्या दिसत होत्या. त्यानं एक उपसली. अबोलीचं जुनं कणीस. त्यावर उघडी, रिकामी बोंडं. कार्तिकात आल्या आल्या पुस्तकात बघून त्यानं कापली होती ती कणसं. कापून, गोळा करून, इथं फेकली होती. परत वळूनही पाहिलं नव्हतं.

ढिगाला लागूनच भांडी घासायचा दगड होता. त्यावरून वाहिलेलं पाणी ढिगाच्या बुडाशी जात होतं. राखाडी, फेसाळ, त्यात चार शितं आणि नारळाच्या सोडणाचे धागे. रोपं बरोबर त्या ओघळाच्या दोन्ही काठांनी उभी होती, केळीच्या सावलीत.

त्यानं पुन्हा मोजलं. चौदा.

मग तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. चष्मा काढून त्यानं मनगटानं डोळे पुसले. त्यामुळं गालाला चिखल लागला, तो त्यानं तसाच राहू दिला. महिनाभर छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून नेलं होतं. आता नेणाऱ्याचा शोध घ्यावासा त्याला वाटत नव्हता. त्याला भूक लागली होती. कित्येक दिवसांत इतकी भूक लागली नव्हती.

“रडतंस की हसतंस?” बाबलनं मागून विचारलं.

“माहीत नाही.”

…

बाय मागच्या दारी आल्या. रोपं पाहिली. एवढंच दिसलं की त्यांनी पदर डोक्यावरून नीट केला आणि त्या रोपांपुढं क्षणभर उभ्या राहिल्या.

मिहिर ताडकन उठला. डोक्यात सगळं तयारच होतं. आजच्या आज कुंड्या भरायच्या, तो म्हणाला. चौदा कुंड्या. माती चाळून घ्यायची, शेणखत अर्धं. प्रत्येक रोपाला नंबर. चार रोपं वेगळ्या ठिकाणी ठेवू, म्हणजे एकीकडे रोग आला तरी दुसरीकडे वाचतील. दोन मावशींच्या घरी. बाकीची पुढच्या अंगणात, जिथं सगळ्यांना…

बाय त्याच्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या.

मिहिरचं वाक्य मध्येच राहिलं. बोललेलं त्याचं त्यालाच ऐकू आलं.

“…नको?”

बायंनी एका रोपावर पडलेलं केळीचं वाळकं पान उचलून बाजूला ठेवलं.

“इथंच राहू द्यायची?”

मिहिरनं वळून पुढच्या अंगणाकडे पाहिलं.

“आणि कणसावर एक बोंड राहिलंय, बाय. त्याच्याखाली कापड बांधू?”

“ते दवासाठी ठेव,” त्या म्हणाल्या.

मिहिरनं मान हलवली. मग राहवेना म्हणून खिशातून छोटी वही आणि पेन काढलं. वहीची कडा चिखलानं भरली.

“बरं. पण पाणी? निदान पाण्याचं तरी सांगा. किती घालायचं, कधी घालायचं? या वेळी मला चुकायचं नाही.”

“मला काय विचारतोस? यांना मी वाढवलेलं नाही. ज्याच्या हातानं वाढली त्याला विचार.”

बाबल दगडापाशी उकिडवा बसला होता. सकाळच्या गडबडीत भांडी राहिली होती. त्यानं राखेत सोडण बुडवलं आणि पातेल्याचं बूड घासायला सुरुवात केली. तांब्याभर पाणी ओघळातून रोपांकडे गेलं.

चार महिन्यांत मिहिरनं त्याला, आज जेवायला काय, याखेरीज काही विचारलं नव्हतं. तो त्याच्यासमोर जाऊन खाली बसला. वही गुडघ्यावर उघडली.

“बाबलकाका,” तो म्हणाला, “तुम्ही या रोपांना पाणी कसं घालता?”

बाबलचा हात थांबला. त्यानं मिहिरकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, बायंकडे पाहिलं. पुन्हा मिहिरकडे पाहिलं.

“पाणी?” तो म्हणाला. “मी भांडी घासतंय, सायब.”